कसं काढलंस गं?

समजा, जूनचे पहिले पाऊस पडून गेलेत. कैनाडच्या एखाद्या पाड्यावरची दहा वर्षांची मुलगी आईसोबत डहाणूच्या बाजारात शेवळं घेऊन बसली आहे. शेवळांची जुडी आणि तिच्याबरोबर घसा खाजू नये म्हणून काकडं. जुडी पंधरा रुपयांना. एक बाई सात जुड्या मागते. मुलीचे ओठ हलतात: दोन जुड्या तीस, चार साठ, सहा नव्वद, वर एक पंधरा. "एकशेपाच." बाई दोनशेची नोट काढते. मुलगी पंच्याण्णव रुपये मोजून तिच्या हातावर ठेवते.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी वर्गात बसते. वहीत गणित आहे, १५ गुणिले ७. पाच सत्ते पस्तीस, पाच मांडले, हातचे तीन. तीन आणि एक चार, चार सत्ते अठ्ठावीस. उत्तर २८५. काल बाजारात कुणी सात जुड्यांचे २८५ रुपये सांगितले असते, तर हीच मुलगी खुदकन हसली असती. आज मात्र ती २८५ लिहिते आणि पुढच्या गणिताकडे वळते.

ही मुलगी मी कल्पनेतून उभी केली आहे, पण तिची चूक कल्पनेतली नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा काराहेर आणि तिच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला आणि १९८५ साली तो प्रसिद्ध केला. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले, भाव विचारले, सुटे पैसे मागितले. त्या हिशेबांपैकी ९८ टक्के बरोबर निघाले. मग तेच आकडे कागदावर, नुसती गणितं म्हणून दिले, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. पस्तीसच्या भावाने चार नारळांचे १४० झाले हे तोंडी अचूक सांगणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने कागदावर ३५ गुणिले ४ चं उत्तर २०० लिहिलं. त्यानेही हातचा आधी मिळवला आणि मग गुणलं.

आपल्याकडेही हे दिसलं आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची अशीच परीक्षा घेतली. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात उलटी बाजूही होती. बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं कागदावरचं गणित सोडवत होती, पण व्यवहारातला हिशेब आला की अडखळत होती. एकाच डोक्यात गणिताची दोन घरं, आणि मधल्या भिंतीला दार नाही!

या भिंतीला दार पाडायचं कुणी? शिक्षकांनी, हे तर खरंच. पण माझा समज असा, की ते दार आतल्या बाजूने, म्हणजे घराच्या बाजूनेही उघडतं. आणि ते उघडणाऱ्या आईला किंवा बापाला १५ गुणिले ७ कागदावर मांडता आलंच पाहिजे, असं नाही.

हा विचार डहाणूला नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ. ताराबाईंनी आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेलं. माँटेसोरींची पद्धत त्यांना पाठ होती, पण तिची साधनं महाग. बोर्डीत त्यांनी चिंचोके, शिंपले, गोटे, पानं, बिया हाताशी धरल्या. जे मुलाच्या खिशात आधीच असतं, तेच शिकवण्याचं साहित्य झालं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, या विचारातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. पोलिओचा डोस पाजायला गेलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की या शब्दाचं बाळपण डहाणू तालुक्यात गेलं?

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आणखी एक गोष्ट कळली. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मुलगा येत नाही, कारण त्याच्यामागे गुरं असतात. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधून 'विकासवाडी' झाली. गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणात जाऊ लागले, ती 'कुरणशाळा'. घराला दोष देत बसण्याऐवजी या दोघींनी घरात काय काय आहे ते नीट पाहिलं.

तर घरात काय काय असतं?

पहिली गोष्ट, मोजदाद. शिकागोच्या सुसान लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ४४ कुटुंबांत जाऊन, मूल सव्वा वर्षाच्या आसपास असल्यापासून अडीच वर्षांचं होईपर्यंत, दीड-दीड तासाच्या पाच भेटींत घरातलं बोलणं टिपलं. आईबाप मुलाशी बोलताना संख्या किती वेळा उच्चारतात? सगळ्या भेटी मिळून एका घरात ४ वेळा, तर एका घरात २५७ वेळा! ज्या घरांत आकडे जास्त ऐकू आले, तिथल्या मुलांना चार वर्षांच्या आत 'पाच' म्हणजे नेमके किती हे जास्त चांगलं उमगलं होतं. पुढे असंही दिसलं, की खरा फरक पडतो समोर दिसणाऱ्या वस्तू मोजल्याने. नुसती एक ते शंभरची पोपटपंची तेवढी कामाची नाही. आता आपल्याकडचं घर पाहा. कोंबडीखाली किती अंडी ठेवली, आवणीला किती माणसं लागली, किती पायली तांदूळ उरला. चार शेरांची पायली भरताना आई मोठ्याने मोजते, तेव्हा बाजूला बसलेलं पोर गणिताच्या तासालाच बसलेलं असतं. फक्त तिने मनात मोजायचं नाही, तोंडाने मोजायचं.

अमेरिकेतच रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एका ओळीत एक ते दहा आकडे लिहिलेल्या पटावर सोंगटी पुढे सरकवायला दिली. दोन आठवड्यांत चार बैठका, सारा खेळ मिळून तासाभराचा. मुलांची संख्येची समज ठळक सुधारली. आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर तसंच खेळलेल्या मुलांत तो फरक दिसला नाही. हा पट विकत आणावा लागत नाही. अंगणात कोळशाने दहा घरं आखा, चिंचोका ठेवा, झालं.

दुसरी गोष्ट, भिंत. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. पट्टी नाही, कंपास नाही. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोकं गोल, चौक चौरस, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच वेटोळ्यात फिरणारा. समांतर रेषा, सममिती, प्रमाण, सगळं तिथे आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला जगात पोचली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण वर्गात 'त्रिकोण' शब्द आल्यावर, हा तर आपल्या भिंतीवरचा माणूस, हे मुलाला कुणी सांगितलं? घरात कुणीतरी एकदा बोट दाखवून एवढंच विचारलं, "यात तुमच्या शाळेतलं काय काय दिसतं?" तर वहीतली आकृती ओळखीची होते.

तिसरी गोष्ट घरातली बोली. शाळेचं पुस्तक प्रमाण मराठीत, घरात वारली. पुष्कळ पालकांना वाटतं, आपण आपलं बोललो तर पोर मागे पडेल, म्हणून ते मोडकंतोडकं पुस्तकी बोलतात किंवा गप्प राहतात. गप्प राहणं सगळ्यांत महाग पडतं. ज्या भाषेत आईला गोष्ट सांगता येते, रागावता येतं, कोडं घालता येतं, त्याच भाषेत मूल 'कारण', 'म्हणून', 'नाहीतर' या सांध्यांनी विचार जोडायला शिकतं. एकदा सांधे जमले, की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाहीत, फक्त नवे शब्द शोधावे लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे.

बोलणं म्हणजे तरी काय? २०१८ मध्ये रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातला दिवसभराचा आवाज ध्वनिमुद्रित केला, आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूचा कोणता भाग उजळतो हेही पाहिलं. कानावर पडलेल्या शब्दांची नुसती संख्या फारशी बोलकी ठरली नाही. बोलकी ठरली ती देवाणघेवाण: आई बोलली, मूल बोललं, पुन्हा आई बोलली. अशा फेऱ्या ज्या घरांत जास्त, त्या मुलांच्या मेंदूतला भाषेशी निगडित भाग जास्त सक्रिय होता. घरची मिळकत आणि आईबापांचं शिक्षण हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. म्हणजे मूल ऐकतंय एवढ्याने भागत नाही, त्याला बोलण्याची पाळी मिळाली पाहिजे.

आणि ती पाळी मूल स्वतःच मागत असतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. लोक थंडीत घराबाहेर झोपले. त्या अंथरुणांत एखाद्या पोराने विचारलंच असेल, "जमीन का हलते?" अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की लहान मुलांना कारण सांगितलं तर ती पुढचा प्रश्न विचारतात. टोलवून लावलं तर तोच प्रश्न पुन्हा विचारतात, किंवा स्वतःच काहीतरी कारण रचतात. "गप झोप" म्हटल्यावर प्रश्न झोपत नाही. "मला नाही ठाऊक, उद्या गुरुजींना विचार आणि मलाही सांग," हे उत्तर अडाणीपणाचं नाही. त्यात पोराला एक काम मिळतं, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर बोलायला एक विषय.

या संध्याकाळच्या बोलण्यातच सर्वांत मोठं नवल आहे. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आठवण्याचे कष्ट घेतले, की आठवण पक्की होते. मग चुलीजवळ बसलेली आई विचारते, "आज काय शिकवलं? मला काही कळत नाही, तूच सांग," तेव्हा ती नकळत त्या प्रयोगाचाच दुसरा गट चालवत असते. आईला ते खरंच ठाऊक नाही, हीच तिची जमेची बाजू. जाणकारापुढे मूल अर्धं वाक्य सोडून देतं, कारण त्याला कळेलच. न जाणणाऱ्यापुढे ते पूर्ण सांगावं लागतं, आणि सांगताना आपलं आपल्यालाच कुठे अडतंय ते दिसतं.

मात्र हे सगळं सांगून पालकांच्या डोक्यावर नवं ओझं ठेवायचं नाही. भात झोडून झाला, की इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर किंवा दूरच्या कामावर जातात. शाळा मागे राहते. 'विधायक संसद' या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा चालवल्या, त्या त्याचसाठी. स्थलांतरित मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून सरकारचं शिक्षण हमी पत्रकही आहे. गाव सोडण्याआधी शाळेत जाऊन ते मागणं, ही आईबापांनी केलेली सगळ्यांत मोलाची अभ्यासाची तयारी ठरू शकते. बिहार आणि राजस्थानात आयांना साक्षर करून, घरी मुलांसोबत करायचे खेळ देऊन पाहिलं गेलं. मुलांच्या गणितात सुधारणा झाली, पण थोडीच. घर शाळेची जागा घेत नाही. पोट भरलेलं असणं, पुरेशी झोप, वर्गात हजर शिक्षक, यांना पर्याय नाही.

तरीही ती २८५ लिहिणारी मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही. वही उघडी आहे. आई शेजारी निवडत बसली आहे. तिला आकडा वाचता येत नाही, पण विचारता येतं: "कसं काढलंस गं?" मुलगी सांगू लागते. सात पंधरा... हातचे तीन... दोनशे पंच्याऐंशी. आईचा हात थांबतो. "सात जुड्यांचे?"

मुलगी वहीकडे पाहते, ओठ हलतात. दोन तीस. चार साठ. सहा नव्वद. मग ती खोडरबर शोधू लागते.