पाइनवर रंग लावण्यापूर्वी

आम्ही कापडाचे व्यापारी. सुतारकामाशी आमचा संबंध दुकानातील फळ्या-कपाटांपुरता. काही वर्षांपूर्वी मोहल्ल्यातील एका होतकरू मुलाकडून आम्ही पाइनच्या लाकडाचे कपाट करून घेतले. सांधे त्याने चोख जुळवले. पण सागवानी रंग लावताच फळ्यांवर काळपट डाग उमटले. "चाचा, रंगच खराब निघाला," म्हणून तो रडवेला झाला. आम्ही मजुरी पूर्ण दिली. परंतु प्रत्येक गिऱ्हाईक देईलच असे नाही. सबब जाणत्या पॉलिशवाल्यांकडून आम्ही जे समजून घेतले, ते नव्या कारागिरांसाठी येथे देत आहोत.

दोष रंगाचा नव्हता. पाइनच्या झाडात हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला थर मऊ व फिकट असतो, नंतरचा थर कठीण व गडद. मऊ थर रंग घटाघटा पितो, कठीण थर पीत नाही. त्यामुळे कोऱ्या फळीवर जी रेघ फिकट, तीच रंगानंतर काळी दिसते. शिवाय लाकडाची घनता सर्वत्र सारखी नसते, गाठीत राळ असते; म्हणून डाग पडतात. कापडवाल्यांना हे सांगायला नको. खळ नीट न काढता कोरे कापड रंगात बुडवले, तर तेही पट्ट्यापट्ट्यांनीच रंगते.

तेव्हा पहिले काम घासण्याचे. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५०, शेवटी १८०. घासायचे ते रेषांच्या दिशेनेच. आडवा ओरखडा रंगानंतर उठून दिसतो. फळीची कापलेली टोके जास्त रंग पितात, तेथे २२० नंबर फिरवावा. नंतर सगळी भुकटी पुसून घ्यावी.

दुसरे काम लाकडाची तहान भागवण्याचे. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये ६० ते १२० ग्रॅम चपडा लाख विरघळवून तिचा एक पातळ हात द्यावा. वर पॉलियुरेथेन लावायचे असेल, तर मेण काढलेली लाखच वापरावी. नाहीतर वरचा थर नीट धरत नाही. हा हात पूर्ण वाळला की ३२० नंबरने हलकेच फिरवावे. आता रंग थोडा फिकट बसेल, पण बराच एकसारखा बसेल. घट्ट जेलसारखा रंग मिळाला तर उत्तम. तो आत कमी मुरतो. रंग लावून वाळण्यापूर्वीच जादा रंग फडक्याने पुसावा. गडद छटा हवी असल्यास पहिला हात वाळल्यावर दुसरा द्यावा.

शेवटी वार्निश किंवा पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात. प्रत्येक हात वाळल्यावर ३२० नंबरची हलकी घासणी. येथे घाई केली की मेहनत पाण्यात जाते.

धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची. त्याच लाकडाच्या तुकड्यावर घासण्यापासून वार्निशपर्यंत सर्व करून तो नमुना गिऱ्हाइकाला दाखवावा व त्याची पसंती घेऊनच कपाटाला हात लावावा. पाइन उजेडात कालांतराने पिवळसर होते, हेही आधीच सांगावे. नंतरची तक्रार टळते.

आणि चिंध्यांविषयी. त्या बहुधा आमच्यासारख्या दुकानांतूनच जातात. जवसाचे तेल किंवा तेलाचा रंग पुसलेली चिंधी हवेशी संयोग पावून गरम होते. बोळे करून ढीग टाकला तर काडी न लावताही पेट घेऊ शकते. अशा चिंध्या मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. डागाळलेले कपाट पुन्हा घासता येते. जळालेले दुकान नव्हे.

त्या मुलाने फळ्या घासून लाखेचा हात देऊन पुन्हा रंगवल्या. ते कपाट आजही आमच्या गल्ल्यामागे उभे आहे.