बार्शीचा डेटा

बार्शी म्हटलं की इंजिनिअर लोकांना आधी आठवते ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ साली सुरू केलेली, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. सोलापूरकडच्या मुलांना भगवंताचं देऊळ आणि ज्वारीचा बाजार आठवेल. पण याच बार्शीतल्या हॉस्पिटलचं नाव २००९ साली अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये झळकलं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? खरं सांगतो, मलाही नव्हतं.

बार्शीत 'अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी' नावाची धर्मादाय संस्था आहे. नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल तिचंच. १९८१ साली कॅन्सरने गेलेल्या अभिनेत्री नर्गिस यांचं नाव त्याला दिलेलं आहे. संस्थेच्या कामात डॉ. भगवान नेने यांचा मोठा वाटा. आता संस्थेच्या नावाकडे नीट बघा. 'रिलीफ'च्या आधी 'रिसर्च' आहे! तालुक्याच्या गावात संशोधन कशाला, असं कोणालाही वाटेल. उपचार करा की!

पण मित्रांनो, लोड किती येणार हे माहीत नसताना आपण बीम डिझाइन करतो का? तसंच आहे हे. मुंबईत १९६३ पासून कॅन्सर रजिस्ट्री होती. म्हणजे शहरात दरवर्षी कोणाला, कोणता कॅन्सर झाला याची पद्धतशीर नोंद. तिथले कर्मचारी हॉस्पिटलं फिरून फायली तपासत. खेड्यात मात्र ही पद्धत चालत नाही. पेशंट हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही तर फाइल कुठली? बाई अंगावर दुखणं काढते, गावातल्या गावात मरते, आणि नोंदवहीत कॅन्सर शून्य!

म्हणून १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात घेतली. इथे पद्धत उलटी केली. फायली येण्याची वाट न बघता कार्यकर्तेच गावोगाव जायचे. लोकांना लक्षणं समजावून सांगायची, न भरणारी जखम, गाठ, अंगावरून अवेळी जाणारं रक्त अशी तक्रार असेल त्याला बार्शीला तपासणीला आणायचं, आणि मग नोंद करायची.

यातून दोन गोष्टी कळल्या. एक, खेड्यात कॅन्सरचं एकूण प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी होतं, पण बायकांमध्ये गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सगळ्यात पुढे होता. दुसरी गोष्ट कोणी ठरवून केलेली नव्हती. कार्यकर्ते सतत गावात जात राहिले, तशा बायका लवकरच्या स्टेजला तपासणीला येऊ लागल्या. गेले होते मोजायला, पण त्या मोजण्यानेच काही जीव वाचायला लागले.

या पायावर पुढचं मोठं काम उभं राहिलं. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया! गावांचे ५२ गट पाडून चार भाग केले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (पेशी काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघणं), तिसऱ्यात पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते बघणं (व्हीआयए). चौथा भाग कंट्रोल ग्रुप, त्यांची अशी तपासणी केली नाही.

आठ वर्षांनंतरचा निकाल असा: कंट्रोल ग्रुपमधल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ जणींपैकी ३४. म्हणजे आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. बाकी दोन पद्धतींत म्हणावा असा फरक दिसला नाही. कारण सोपं आहे. विषाणूची लागण टिकून राहिली तर त्यातून कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. बाकी दोन पद्धती पेशी बिघडल्यावर त्या बिघाडाची खूण शोधतात, एचपीव्ही तपासणी त्या बिघाडाचं कारणच शोधते. या तपासणीत ज्या निगेटिव्ह आल्या, त्यांच्यापैकी एकही जण त्या आठ वर्षांत या कॅन्सरने गेली नाही.

यावर टीकाही झाली, तीही सांगायला हवी. तपासणीचा उपयोग होतो हे माहीत असताना हजारो बायकांना कंट्रोल ग्रुपमध्ये ठेवणं योग्य होतं का? आपल्या लॅबमध्ये कंट्रोल सॅम्पल म्हणजे काँक्रीटचा क्यूब असतो. इथे ती कोणाची तरी आई होती. ते ६४ आकडे वाचताना हे विसरू नये.

आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते: तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. जगाच्या या शिफारशीमागे जो पुरावा आहे, त्यात धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांचा वाटा आहे.

आणि ३० ते ५९ म्हणजे कोणाचं वय हो? आपल्या आयांचं, मेसमधल्या मावशींचं, ऑफिसमधल्या मॅडमचं. रविवारी घरी फोन लावाल, तेव्हा पैसे संपल्याचं सांगून झालं की एक प्रश्न नक्की विचारा, "आई, तू ही तपासणी केलीयस का?" विचारायला अवघड वाटेल. मलाही वाटलं. पण मी विचारलं, आणि आई थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "नाही रे, मला कोणी सांगितलंच नव्हतं."