मोबाईलमध्ये कामकरी आठ, वही मात्र एकच! मग हिशेब चुकत कसा नाही?

भंडारा : नवा मोबाईल घ्यायला गेलं की दुकानदार हमखास सांगतो, ‘ऑक्टा-कोअर आहे, एकदम फास्ट.’ ऑक्टा म्हणजे आठ. मोबाईलच्या चिपमध्ये काम करणारे आठ मेंदू आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण हे आठही जण एकाच मेमरीत लिहितात आणि तिच्यातूनच वाचतात. आठ माणसं आणि वही एक, असा हा कारभार. यात गोंधळ होऊ नये म्हणून काय करावं लागतं, हा संगणकशास्त्रातला साठ वर्षं जुना आणि चांगलाच किचकट प्रश्न आहे.

४६० की ४४०?

धान खरेदी केंद्राचं उदाहरण घेऊ. समजा, गोदामात ५०० बारदाने आहेत आणि फळ्यावर खडूने ‘५००’ लिहिलेलं आहे. दोन कर्मचारी एकाच वेळी फळ्याकडे बघतात. पहिला ४० बारदाने देतो, मनात वजाबाकी करतो आणि ४६० लिहितो. दुसऱ्याने ६० दिले. त्यानेही आधी ५००च वाचले होते, म्हणून तो पहिल्याचा आकडा पुसून ४४० लिहितो. गोदामात खरे उरले ४००. फळ्याच्या हिशेबाने चाळीस बारदाने गायब, आणि चोरी तर कोणीच केली नाही.

दोघांचीही वजाबाकी बरोबर होती. घोळ झाला तो वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या वेळात. संगणकातही अगदी हेच होतं. बारदान्याच्या जागी बँकेतली शिल्लक ठेवून बघा. नवरा साकोलीत एटीएमसमोर आणि बायको पवनीत मोबाईलवर, दोघांनी एकाच खात्यातून एकाच क्षणी पैसे काढले, तर बँकेच्या संगणकाला हाच पेच पडतो.

ही चूक रोज होत नाही, हाच तिचा सर्वात वाईट गुण. दोघांची वेळ नेमकी जुळली तरच ती होते, तपासायला बसलं की सापडत नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात कॅन्सरवर किरणोपचार करणाऱ्या ‘थेरॅक-२५’ या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली, त्यात काही दगावले. त्यातल्या काही अपघातांमागे अशीच वेळेची चूक होती. ऑपरेटर सरावाने भरभर टाईप करू लागल्यावरच ती उघडी पडायची. त्या यंत्रात प्रोसेसर एकच होता, पण कामं अनेक आणि मेमरी सामाईक. आठ कोअर असल्यावर तर अशा गाठी पडायची शक्यता आणखी वाढते.

दोरीला बांधलेला पेन

उपाय ऐकायला सोपा आहे. फळ्याजवळ एकच खडू ठेवायचा. ज्याच्या हातात खडू त्यानेच वाचायचं, वजा करायचं, लिहायचं, आणि मग खडू खाली ठेवायचा. बाकीच्यांनी थांबायचं. बँकेत दोरीला बांधलेला पेन असतो ना, तसंच. संगणकवाले याला ‘लॉक’ म्हणतात.

रेल्वेने हे फार आधीच ओळखलं होतं. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. ड्रायव्हरकडे त्या टप्प्याचं टोकन असल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. नेदरलँड्सचे एड्स्गर डाईक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात संगणकासाठी असाच उपाय मांडला, आणि त्याला नाव दिलं ‘सेमाफोर’. हात वरखाली होणाऱ्या जुन्या रेल्वे सिग्नलला हाच शब्द आहे.

पण इथे एक मेख आहे. खडू मोकळा दिसला म्हणून दोघांनी एकदम हात घातला तर? म्हणजे खडूसाठीही दुसरा खडू हवा! म्हणून चिप बनवणारे एक खास सोय देतात. ‘मोकळा आहे का बघ आणि असेल तर लगेच घे’ ही दोन कामं एकाच झटक्यात होतात, मध्ये तिसरा घुसू शकत नाही. सगळी इमारत या एका विटेवर उभी आहे.

थांबायच्याही दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे दारातच उभं राहून ‘झालं का? झालं का?’ विचारत राहायचं. काम पटकन होणार असेल तर हे बरं, नाहीतर फुकट बॅटरी जाते. दुसरी म्हणजे बाजूला झोपायचं आणि पाळी आली की उठवा म्हणून सांगायचं. लांबच्या कामाला हेच परवडतं.

लॉक दोन झाले की नवी भानगड. एकाकडे गोदामाची किल्ली, दुसऱ्याकडे रजिस्टर, आणि दोघंही म्हणतात, ‘तुझं आधी दे.’ दोघंही जागेवरच. यावर साधा नियम चालतो : सगळ्यांनी आधी किल्ली घ्यायची, मगच रजिस्टर. उलट क्रम कोणीच घ्यायचा नाही.

चिप क्रमच बदलते

यापुढची गोष्ट मात्र भल्याभल्यांना चकवते. एकाने आधी रजिस्टरमध्ये नोंद केली, मग बाहेर ‘नोंद झाली’ अशी पाटी लावली. दुसऱ्याने पाटी पाहिली, रजिस्टर उघडलं, तर नोंदच नाही! माणसांत असं होत नाही, पण चिपमध्ये होतं. प्रत्येक कोअर वेग वाढवण्यासाठी लिहिलेलं काही काळ स्वतःजवळ ठेवतो आणि सोयीने पुढे पाठवतो. त्यामुळे आधी लिहिलेलं नंतर पोचू शकतं. मोबाईलमधल्या ‘आर्म’ जातीच्या चिपला ही सूट कॉम्प्युटरमधल्या नेहमीच्या चिपपेक्षा जास्त असते.

मग चिपचा वेग कमी करायचा की प्रोग्राम लिहिणाऱ्याने डोकं फोडून घ्यायचं? यातून वाट काढणाऱ्यांत एक ठळक नाव आहे सरिता अडवे यांचं. त्यांनी १९८७ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून बी.टेक. केलं आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधन केलं. १९९० मध्ये त्यांनी मार्गदर्शक मार्क हिल यांच्यासोबत एक करारच मांडला. प्रोग्राम लिहिणाऱ्याने सामाईक गोष्टीला हात लावताना लॉक वापरावं, किंवा ‘ही जागा सामाईक आहे’ असं स्पष्ट सांगावं. तेवढं पाळलं तर चिपने आतल्या आत कितीही उलटंपालटं करावं, निकाल मात्र सगळं एकामागोमाग एक घडल्यासारखाच लागला पाहिजे.

पुढे ‘जावा’ या संगणक भाषेचे नियम नव्याने ठरले, त्या कामात अडवे स्वतः होत्या. २०११ मध्ये ‘सी प्लस प्लस’ भाषेनेही हीच वाट धरली. अँड्रॉईडमधली कितीतरी ॲप्स जावा किंवा तिच्या नात्यातल्या कोटलिन भाषेत लिहिलेली असतात. म्हणजे लाखांदूरच्या बांधावर सातबारा उघडणाऱ्या मोबाईलच्या पोटातही या कराराचा भाग आहे.

आठ कोअर म्हणजे आठपट वेग?

नाही. फळ्याजवळ खडू एकच असेल तर आठ माणसं रांगेतच उभी राहणार. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच हे दाखवून दिलं होतं. कामाचा निम्मा भाग एकेकट्यानेच करायचा असेल, तर आठ काय आणि आठशे कोअर काय, वेग दुपटीच्या वर जात नाही. शिवाय मोबाईलचे आठही कोअर सहसा सारखे नसतात. काही दमदार असतात, काही बॅटरी वाचवणारे हळू चालणारे. त्यामुळे दुकानदाराने ‘आठ’ म्हटल्यावर, त्यातले दमदार किती आणि रॅम किती, एवढं विचारून मगच पैसे मोजलेले बरे.