विषापेक्षा वेष्टण अवघड

गैरसमज : रासायनिक अस्त्रांतलं विष इतकं जालीम, म्हणजे त्याचा नायनाट करणं हेच मुख्य संकट.

वस्तुस्थिती : विषाचा बंदोबस्त त्या मानाने सोपा. मस्टर्ड हे विष गरम पाण्यात घुसळलं की त्याचं विघटन होतं. सरीन या दुसऱ्या विषाला कॉस्टिक सोड्याचं द्रावण पुरतं. खरा घोर असतो वेष्टणाचा. अमेरिकेत केंटकीतल्या ब्लू ग्रास इथे १९६०च्या दशकातली एम-५५ रॉकेटं पडून होती. एकाच नळकांड्यात सरीन, ते फवारणारं स्फोटक आणि रॉकेट उडवणारं इंधन. वर काही गळकी. ती खोलायला माणूस कसा पाठवणार? बंदिस्त खोलीत यंत्रांनीच ती भोसकली आणि विष उपसलं. शेवटचं रॉकेट ७ जुलै २०२३ला निकालात निघालं.

कोलोरॅडोत प्वेब्लो इथे मस्टर्ड भरलेले सुमारे ७ लाख ८० हजार तोफगोळे होते. रोबोंनी त्यांतली स्फोटकं काढली, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आतलं मस्टर्ड धुऊन घेतलं. विघटनानंतर उरलेलं थायोडायग्लायकॉल जिवाणूंनी फस्त केलं. रिकामी कवचं ५३८ अंश सेल्सियसवर पंधरा मिनिटं भाजली आणि मग सरळ भंगारात!

गैरसमज : एवढा खटाटोप कशाला? जाळा, नाहीतर समुद्रात बुडवा.

वस्तुस्थिती : अमेरिकेने बराचसा साठा जाळलाच, पण बंदिस्त भट्ट्यांत. केंटकीच्या रहिवाशांना धुराड्याचाही भरवसा नव्हता. ते अडून बसले आणि १९९६मध्ये अमेरिकी काँग्रेसला दुसरे मार्ग शोधायला पैसा द्यावा लागला. उशीर झाला खरा, पण माझ्या मते त्यांचा हट्ट रास्त होता. बुडवण्याचं फळ बाल्टिक समुद्रात दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बोर्नहोम बेटाजवळ टाकलेल्या मस्टर्डचे चिकट गोळे मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन त्यांचे हात भाजले आहेत. १९९७मध्ये लागू झालेल्या रासायनिक अस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बुडवणं, पुरणं आणि उघड्यावर जाळणं, तिन्ही निषिद्ध.

गैरसमज : आपला याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : भारताने १,०४४ टन मस्टर्ड जाहीर केलं होतं. ते २००९पर्यंत नष्ट झालं.

गैरसमज : २०२३ला विषय संपला.

वस्तुस्थिती : संपले ते करारातल्या देशांनी जाहीर केलेले साठे, ७२,३०४ टन. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने चीनमध्ये टाकून दिलेले विषारी तोफगोळे त्यानंतरही उकरावे लागत आहेत. आणि १९८५पूर्वी समुद्रात बुडवलेला माल जाहीर करायचा की नाही, हे करारानेच त्या त्या देशाच्या मर्जीवर सोडलं आहे.