चिट्टीचे बंगळुरू

दिग्दर्शक शंकर यांचा ‘२.०’ हा तमिळ चित्रपट २९ नोव्हेंबर २०१८ रोजी पडद्यावर आला, तेव्हा ‘एंदिरन’ला, म्हणजे हिंदीतल्या ‘रोबोट’ला, आठ वर्षे उलटली होती. रजनीकांत यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने या दोन्ही चित्रपटांकडे वळताना एक गोष्ट नजरेत भरते. चेन्नईच्या प्रयोगशाळेत घडलेल्या चिट्टी या यंत्रमानवाचा चेहरा बंगळुरूचा आहे आणि त्याच्या डोक्यातही बंगळुरूचा मोठा वाटा आहे.

चेहऱ्याची हकिकत मराठी वाचकाला पाठ आहे. चिट्टी साकारणारे रजनीकांत, म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूतल्या मराठी घरात वाढले आणि तिथल्याच बसमध्ये कंडक्टर होते. डोक्याची हकिकत महाराष्ट्रात क्वचितच सांगितली जाते. एस. रंगराजन हे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समधले अभियंते. १९८२ साली केरळच्या परूर मतदारसंघात प्रथम वापरल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या घडणीत त्यांचा महत्त्वाचा सहभाग होता. हेच गृहस्थ पत्नीचे नाव घेऊन ‘सुजाता’ म्हणून तमिळमध्ये कथा, कादंबऱ्या, नाटके लिहीत आणि सामान्य वाचकाला विज्ञानही समजावून सांगत. त्यांच्या ‘एन इनिय इयंदिरा’ या कादंबरीत जीनो नावाचा यंत्रकुत्रा स्वतःच विचार करू लागतो. चिट्टीचा तो थोरला भाऊच. सुजाता फेब्रुवारी २००८ मध्ये गेले. ‘एंदिरन’ ऑक्टोबर २०१० मध्ये आला. त्याच्या संवादलेखनात शंकर आणि मदन कार्की यांच्यासोबत त्यांचे नाव आहे.

अभियंत्याची ही नजर पहिल्या चित्रपटात स्पष्ट दिसते. आग लागलेल्या इमारतीतून चिट्टी माणसांना वाचवतो. त्यांत आंघोळ करत असलेली एक मुलगी असते. तिला तो आहे त्या अवस्थेत कॅमेऱ्यांसमोर आणून उभी करतो आणि लाजेने पळताना ती गाडीखाली सापडते. आज्ञा तंतोतंत पाळली गेली, तरी जीव गेला. लाज म्हणजे काय, हे यंत्राला कोणी सांगितलेलेच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आज घरोघरी जो वाद चालतो, त्याचे मर्म या एका प्रसंगात आहे. भारतीय व्यावसायिक चित्रपटात विज्ञानाचा प्रश्न इतक्या नेमकेपणाने फार थोड्या वेळा मांडला गेला असेल. पुढे चिट्टीला भावना शिकवल्या जातात, तो प्रेमात पडतो, बिघडतो आणि शेवटी सुटा होऊन संग्रहालयात जातो.

‘२.०’ त्याला तिथून उठवतो. लोकांच्या हातातले मोबाइल उडून जातात, रस्त्यावरून फोनांचा लोंढा सरकत येतो, त्यांतून अवाढव्य पक्षी उभा राहतो. ही दृश्ये खरोखर थक्क करतात. बरेच चित्रपट साध्या कॅमेऱ्याने टिपून नंतर थ्रीडीत रूपांतरित केले जातात. हा मुळातच थ्रीडीत चित्रित झाला. दोन डोळ्यांसारखी दोन भिंगे एकाच वेळी दृश्य टिपतात, म्हणून खोली खरी वाटते. छायाचित्रकार नीरव शाह आणि दृश्यपरिणामांचे प्रमुख श्रीनिवास मोहन यांचे श्रेय इथे मोठे आहे. लाल चिपवाला, बिघडलेला चिट्टी बकरीसारखा आवाज काढत परततो, तेव्हा जुन्या चाहत्यांचा आनंद अगदी समजण्याजोगा. मात्र जुन्या चिट्टीला नवा प्रश्न मिळत नाही. कथा आत्मा आणि ऊर्जावलयांकडे वळते आणि पहिल्या चित्रपटातली तर्काची शिस्त सुटते.

अक्षय कुमारचा पक्षीराजन हा पक्षीतज्ज्ञ मोबाइल टॉवरच्या लहरींनी पक्षी मरतात म्हणून सूड उगवतो. प्रदर्शनाच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर मंडळाकडे तक्रारही केली. बंदीची मागणी अनाठायी होती. चित्रपटाला कल्पनेची मुभा हवीच. पण चिमण्या घटल्याची काळजी करणाऱ्या प्रेक्षकाला खरे कारणही कळायला हवे. टॉवरच्या लहरींच्या तीव्रतेची मर्यादा भारताने २०१२ मध्येच आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली होती. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२०च्या अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे, मात्र बंगळुरूसह सहा महानगरांत ती हळूहळू घटते आहे. या घटीला टॉवर जबाबदार असल्याचा ठोस पुरावा त्या अहवालाला आढळला नाही. घरट्यांसाठी जागा न उरणे आणि पिलांना भरवायचे किडे कमी होणे, ही कारणे अभ्यासकांना अधिक संभवनीय वाटतात.