नरदेहाचं नवल आणि म्हातारपणाची तहान

आजचं निरूपण देहावर आहे. आत्म्यावर आपण रोजच बोलतो. देह नाशिवंत आहे असं म्हणतो आणि त्याला बाजूला सारून पुढं जातो. पण ज्या पायांनी पंढरी चालायची, ज्या हातांनी टाळ वाजवायचा, ज्या जिभेनं नाम घ्यायचं, त्यांची दोन घटका विचारपूस केली तर काय बिघडलं?

हा विषय मला वरठीतच मिळाला. काही वर्षांपूर्वी वैशाखात सप्ताह होता. विदर्भातला वैशाख, पारा ४५ च्या घरात, मंडपावरचे टिनाचे पत्रे दिवसभर तापलेले. मी कीर्तनाला उभा राहिलो. अभंगाचं पहिलं चरण सोडवता सोडवता समोरचा मृदंगवाला मला दोन-दोन दिसायला लागला. मागच्या टाळकऱ्यानं धरलं म्हणून पडलो नाही. श्रोत्यांत एक डॉक्टर होते. नाडी धरून त्यांनी विचारलं, "महाराज, सकाळपासून पाणी किती झालं?" मी म्हटलं, "चहा दोनदा झाला जी. पाणी नाही घेतलं, तहानच लागली नाही." ते म्हणाले, "या वयात तहानेची वाट पाहायची नसते, महाराज."

जन्मभर शास्त्र ऐकलं, सांगितलं, पण ही गोष्ट मला माहीत नव्हती. मग विचारत गेलो, वाचत गेलो. जे कळलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी देहाचं नवल पहा. घरात तान्हं बाळ आलं की आजी त्याच्या टाळूवर तेल घालते. टाळू मऊ का असते? कारण कवटीची हाडं अजून एकमेकांना जुळलेली नसतात. जन्मताना बाळाला मोजली तर तीनशेच्या आसपास हाडं असतात, आणि तुम्हाआम्हाला आहेत २०६. मग बाकीची गेली कुठं? कुठंच गेली नाहीत. डोक्याची, कंबरेखालची, माकडहाडाची, अशी कितीतरी हाडं वाढत्या वयात एकमेकांत मिळून गेली.

आता रक्ताकडे या. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. १२० दिवस म्हणजे किती? चार महिने. चार महिने म्हणजे आपला चातुर्मास! आषाढी एकादशीला जी पेशी तयार झाली, ती कार्तिकीच्या सुमारास विरून जाते आणि तिच्या जागी नवी आलेली असते. वरची कातडी महिनाभरात बदलते. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं. हाडंसुद्धा झिजतात आणि भरतात, आणि सुमारे दहा वर्षांत सांगाडा बहुतेक नव्यानं बांधला जातो. हृदय मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाला एक लाखाच्या वर ठोके देतं, आणि त्याला एकादशीचीही सुटी नाही.

सगळंच नवं होत असेल तर माणूस म्हातारा का होतो? श्रोते हो, सगळं नवं होत नाही. दातावरचं कवच एकदा झिजलं की परत येत नाही. मेंदूतल्या बहुतेक पेशी जन्मापासूनच्याच असतात. आणि डोळ्यातल्या भिंगाचा गाभा तर आईच्या पोटात असतानाच घडतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. विचार करा, ज्या भिंगातून तुम्ही पहिल्यांदा आईचं तोंड पाहिलं, त्याच भिंगातून आज विठोबाचं मुख पाहता. त्याच्यावर वर्षांचे थर चढतात, ते ताठर होतं, आणि चाळिशीच्या सुमारास पोथी हातभर लांब धरावी लागते. म्हणून तर आपल्या मराठीत त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात. पुढं तेच भिंग धुरकट झालं की त्याला मोतीबिंदू म्हणायचं.

केसाचंही असंच. काळा केस पांढरा होत नाही, बरं का. रंग केसाच्या मुळात मिसळला जातो. मुळातला रंगारी थकला की पुढचा केस पांढराच उगवतो. कान मात्र म्हातारपणीही लांबत राहतात. देवाची योजना पहा, ऐकू कमी येतं आणि कान मोठे होतात!

हसलात, बरं वाटलं. आता हसण्यापलीकडचं ऐका.

म्हातारपणाच्या बऱ्याच खुणा डोळ्यांना दिसतात. केस दिसतात, सुरकुत्या दिसतात, वाकलेली पाठ दिसते. पण एक खूण दिसत नाही, आणि तीच जिवावर बेतते. ती म्हणजे तहान मंदावते.

तहान घशात लागते असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे ती मेंदूच्या तळाशी लागते. तिथं रक्ताचा घट्टपणा ओळखणारी एक चौकी आहे. रक्तात पाणी कमी झालं, खाराचं प्रमाण वाढलं, की ती चौकी ओरडते, "पाणी दे." तरुणपणी ती चटकन ओरडते. वय वाढलं की चौकीदार पेंगायला लागतो. १९८४ साली इंग्लंडात ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. काही धडधाकट तरुण घेतले आणि सत्तरीच्या आसपासचे काही धडधाकट पुरुष घेतले. सगळ्यांना २४ तास पाण्याविना ठेवलं. वृद्धांच्या रक्तात पाण्याची तूट स्पष्ट दिसत होती, तरी त्यांना तहान तरुणांपेक्षा कमी वाटली. पुढं पाणी समोर ठेवलं तर ते प्यालेही कमी. ती माणसं आजारी नव्हती, हे लक्षात ठेवा. हा वयाचा धर्म आहे.

आता दुसरी बाजू. आपला भंडारा जिल्हा तलावांचा. मामा तलाव तुम्ही पाहिले आहेत, शेताकडेची बोडीही पाहिली आहे. नवतपा आला की आधी कोण आटतं? बोडी आटते. तसंच देहाचं. तान्ह्या बाळाच्या वजनात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असतं. तरुण पुरुषात साठ टक्क्यांच्या आसपास. म्हातारपणी ते पन्नासाकडे उतरतं. म्हणजे तरुणाचा तलाव आणि म्हाताऱ्याची बोडी. त्यात मूत्रपिंडं, जी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातलं बहुतेक परत रक्तात सोडतात, त्यांची पाणी राखायची ताकदही वयानं उतरते. घामाच्या ग्रंथी मंदावतात, म्हणून अंग लवकर थंड होत नाही. साठा कमी, गळती जास्त, आणि चौकीदार झोपलेला. सांगा, उन्हाळ्यात काय होईल?

आणि वरून माणूस स्वतःच पाणी तोडतो. एका आजीला मी विचारलं, "आजी, पाणी काहून पीत नाही?" ती म्हणाली, "महाराज, पानी पेलो का रातीले तीनदा उठा लागते जी. अंधारात पडलो तं? अन् दिंडीत बाईमान्सानं जावं कुठं?" खरं सांगतो, माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हातारी माणसं न मागता तहानलेली राहतात, कारण उठवायला कोणी नाही, दिवा लावायला कोणी नाही, आडोसा करायला कोणी नाही.

इथं मला नाथमहाराजांची कथा आठवते. पैठणचे एकनाथ महाराज कावडीतून गंगाजल घेऊन रामेश्वराकडं निघालेले. वाटेत वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत पडलेलं. महाराजांनी रामेश्वराची कावड गाढवाच्या तोंडी लावली. ही कथा आपण शंभरदा ऐकली. आज मात्र एक वेगळी गोष्ट पहा. ते गाढव तडफडत होतं, म्हणून त्याची तहान दिसली. आपल्या घरातला म्हातारा तडफडत नाही. तो ओसरीवर खाटेवर शांत बसलेला असतो. विचारलं तर म्हणतो, "नको रे, तहान नाही." तो खोटं बोलत नाही, त्याला खरोखर लागलेली नसते. म्हणून त्याची तहान आपण ओळखायची.

अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावानं पाण्याचा घडा देतो. द्यावा, मोठं पुण्य आहे. पण गेलेल्या बापाच्या नावानं घडा भरणाऱ्यानं जित्या बापाच्या उशाशी गडवा भरलेला आहे का, हे आधी पाहावं. जिता बाप कोरडा आणि पितर तृप्त, असा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो?

मग करायचं काय? साधं आहे. तहानेवर भरवसा ठेवू नका, नेमावर ठेवा. आपल्याला नेमाची सवय आहेच. सकाळी तुळशीला पाणी घातलं की स्वतः एक पेला घ्या. पूजा झाली की एक, जेवणाबरोबर एक, दुपारी उठल्यावर एक, हरिपाठाच्या आधी एक. असे दिवसाला सहा ते आठ पेले व्हावेत. ऊन असेल, चालणं असेल, तर आणखी. ताक, पेज, आंबील, पन्हं हेही पाण्यातच जमा. रात्री उठायची भीती असेल तर बहुतेक पाणी सूर्यास्ताआधी प्या. मात्र ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं आहे, त्यांनी माझं ऐकू नये, डॉक्टरांचं ऐकावं. लघवीच्या गोळ्या चालू असतील त्यांनीही उन्हाळ्याआधी एकदा विचारून घ्यावं.

खुणा ओळखा. लघवी गडद पिवळी झाली, जीभ कोरडी पडली, उठताना भोवळ आली, म्हणजे पाणी उतरलं. कातडी चिमटीत धरून पाहण्यावर जाऊ नका, म्हाताऱ्याची कातडी तशीही सैलच असते. आणि चांगला बोलणारा माणूस उन्हाळ्यात एकाएकी बरळायला लागला, तर "बाहेरचं लागलं" म्हणून लिंबू उतरवत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर ओला कपडा फिरवा, वारा घाला. शुद्धीवर असेल तर घोट घोट जलसंजीवनी द्या. एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, सपाट मोजून. शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, लगेच दवाखाना गाठा.

दिंडीवाल्यांना हात जोडून सांगतो. शेगावहून पंढरपूर ही महिनाभराची वाट आहे. विणेकऱ्यानं थांबा दिला की एका तरुणानं घागर घेऊन म्हाताऱ्यांच्या रांगेतून फिरावं. "पाणी पाहिजे का?" असं विचारू नये. "घ्या बाबाजी" म्हणून पेला हातातच द्यावा. आणि मुक्कामी बायाबापड्यांसाठी आडोसा आधी करावा, मंडप मागून.

कोणी म्हणेल, "महाराज, तुम्ही तर देह मिथ्या म्हणता, आणि आज पाण्याचे पेले मोजता?" त्याला मी वरठीचंच उदाहरण देतो. रेल्वेनं या, फलाटावरच्या पाटीवर नाव आहे 'भंडारा रोड'. उतरता मात्र वरठीत, भंडारा पुढं राहिला. पाटी म्हणजे गाव नव्हे. तसा देह म्हणजे मी नव्हे. पण पाटी खोटी म्हणून स्टेशनच पाडलं तर गाडी थांबेल कुठं? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी ज्ञानी माणसाचं लक्षण सांगितलं, की तो भर तारुण्यात असतानाच म्हातारपण डोळ्यांसमोर आणतो. ते घाबरायला नव्हे, वेळेवर जागं व्हायला.

महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ पर्यंत, १०४ वर्षं जगले. आपला देश स्वतंत्र झाला तेव्हा इथलं सरासरी आयुष्य सुमारे ३२ वर्षं होतं, आज ते सत्तरीच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या आजोबांना जे म्हातारपण दिसलं नाही, ते आता घराघरांत येऊन बसलं आहे. ते सांभाळायची विद्या आपल्यालाच शिकायची आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढंच करा. देवापुढं दिवा लावला की एक पेला पाणी भरा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. तो "नको" म्हणेल. तुम्ही तिथंच बसा, दोन गोष्टी बोला, तो पिऊन होईपर्यंत उठू नका. आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस तुम्ही स्वतःच असाल, तर माझ्यासारखं भोवळ येईपर्यंत थांबू नका. नाम घ्या आणि पाणी प्या.

रामकृष्ण हरी.