‘काल गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे! इंग्रजी भूतकाळ कसा ओळखाल?

नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न येतो, आधीची नोकरी कधी सोडली? मनात मराठी उत्तर तयार असते, ‘मी मार्चमध्ये राजीनामा दिला होता.’ तोंडातून इंग्रजी निघते, ‘आय हॅड रिझाइन्ड इन मार्च.’ शब्द सगळे बरोबर, पण ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. असे का होते?

चूक कुठे होते?

मराठीत ‘काल अर्ज दिला’, ‘काल अर्ज दिला आहे’ आणि ‘काल अर्ज दिला होता’ ही तिन्ही वाक्ये चालतात. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आले की एरवी साधा भूतकाळच येतो. ‘आहे’साठी ‘हॅव’ आणि ‘होता’साठी ‘हॅड’ लावण्याची सवय इथे नडते. म्हणून आधी वेळ सांगणारा शब्द, म्हणजे क्रियाविशेषण पाहा, मग क्रियापद ठरवा.

कोणत्या शब्दाला कोणता काळ?

• यस्टरडे, लास्ट वीक, अगो, इन २०१९ : वेळ संपली आहे. साधा भूतकाळ वापरा. ‘आय रिझाइन्ड इन मार्च.’

• जस्ट, ऑलरेडी, येट, सो फार : गोष्टीचा आताशी संबंध आहे. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ वापरा. ‘आय हॅव ऑलरेडी पेड द बिल.’ अमेरिकी बोलण्यात इथे साधा भूतकाळही चालतो.

• दोन घटना, त्यातली एक आधीची : आधीच्या घटनेला ‘हॅड’ लावा. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे गाडी आधीच सुटली होती. ‘हॅड’ काढून ‘द ट्रेन लेफ्ट’ म्हटले, तर आपण पोहोचलो आणि गाडी सुटली, असा अर्थ होतो.

या दोन शब्दांत गल्लत नको

‘दोन वर्षांपूर्वी’ म्हणजे ‘टू इयर्स अगो’, ‘टू इयर्स बिफोर’ नव्हे. ‘तीन वर्षांपासून’ म्हणताना ‘सिन्स’ तोंडात येते, पण कालावधीसाठी ‘फॉर थ्री इयर्स’ म्हणायचे. सुरुवात कधी झाली ते सांगायचे असेल, तरच ‘सिन्स २०२१’.

जागाही महत्त्वाची

‘मी काल गेलो’ या क्रमाने ‘आय यस्टरडे वेन्ट’ म्हणू नका. ‘यस्टरडे’ वाक्याच्या शेवटी किंवा सुरुवातीला येते. ‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’ सहसा ‘हॅव’नंतर, तर ‘येट’ बहुतेक वेळा शेवटी.

आता सराव करा

उत्तरे न पाहता इंग्रजीत मोठ्याने म्हणा.

१. मी काल बँकेत गेलो होतो.
२. तिने नुकताच फॉर्म भरला आहे.
३. आम्ही पोहोचलो तेव्हा दुकान बंद झाले होते.
४. आम्ही पाच वर्षांपूर्वी पुण्यात आलो.
५. मी २०२१ पासून इथे काम करत आहे.

उत्तरे

१. आय वेन्ट टू द बँक यस्टरडे.
२. शी हॅज जस्ट फिल्ड इन द फॉर्म.
३. व्हेन वी अराइव्ह्ड, द शॉप हॅड क्लोज्ड.
४. वी केम टू पुणे फाइव्ह इयर्स अगो.
५. आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०२१.

पहिल्या वाक्यात ‘हॅड गॉन’ म्हटले असेल, तर आठवडाभर रोज रात्री दिवसभरातल्या पाच गोष्टी इंग्रजीत सांगा. वेळेचा शब्द आधी ठरवा, क्रियापद नंतर.